दडा कानात बसतो, बिघाड नाकामागे असतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पावसाळ्यातल्या घरगुती उपायांचं पान आलं होतं. त्यातलं हळद, सुंठ, गवती चहा वगैरे ठीक आहे, पण "कानाला दडे बसले तर लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात टाकावं" असं जे छापलंय त्याबद्दल हे पत्र लिहितेय. मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऑडिओमेट्री करते, म्हणजे डॉक्टर नाही, पण कानाला ऐकू किती येतं आणि पडद्यामागे हवा आहे की पाणी हे मशीनवर तपासायचं काम बरीच वर्षं करतेय. आणि पावसाळा लागला की तेल टाकून आलेले कान आमच्याकडे सतत येतात. माणूस म्हणतो, ताई मळ झालाय, काढून द्या, डॉक्टर बघतात तर मळ नसतोच, पडदा आत ओढला गेलेला असतो आणि त्यावर तेलाचा थर. मग आधी ते तेल साफ करा, मग तपासा.

दडा बसतो म्हणजे नक्की काय होतं ते आधी सांगते. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी आहे, मध्यकर्ण. पडदा नीट हलायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा लागतो. आता त्या पोकळीचं अस्तर आतली हवा हळूहळू शोषत असतं, आणि ती परत भरायला वाट एकच, युस्टेशियन ट्यूब. मोठ्या माणसात ही नळी साधारण 35 मिलिमीटर लांब असते, कानातून निघते आणि नाकाच्या पार मागे, टाळूच्या वरच्या अंगाला उघडते. एरवी ती मिटलेलीच असते आणि असायलाही हवी, नाहीतर आपलाच श्वास आपल्या कानात घुमेल. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला ओढून क्षणभर उघडतो, तेव्हा कानात बारीक टक् वाजतं ना, ते तिचंच.

सर्दी झाली, ॲलर्जी उठली, सायनस भरला की नाकाच्या मागचं अस्तर सुजतं आणि त्याच अस्तराची ही नळी पण सुजते, उघडत नाही. आत हवा कमी पडत जाते, पडदा आत खेचला जातो, कान जड वाटतो, स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा येतो, मधेच टकटक, कधी बारीक शीळ, कधी थोडं गरगरल्यासारखं. असंच जास्त दिवस राहिलं तर त्या पोकळीत पाणी झिरपून साठतं. म्हणजे दडा जाणवतो कानात पण सगळा बिघाड नाकाच्या मागे, आणि मध्ये पडदा आडवा उभा आहे, तेल पलीकडे जाणार कुठून? आणि पडद्याला भोक असेल तर मात्र ते पलीकडे जातं, आणि तेच सगळ्यात वाईट, कारण मग आत इन्फेक्शन होऊन कान वाहायला लागतो. भोक आहे की नाही हे घरी कुणालाच दिसत नाही, म्हणून न तपासता कानात काहीच टाकायचं नाही, तेल नाही, पेरॉक्साइड नाही, शेजारणीकडचे उरलेले थेंब पण नाहीत.

कान सुधारायचा तर वाट नाकातून किंवा घशातून जाते हे माणसाला कळून तीनशे वर्षं झाली. ज्यांच्या नावावरून नळीला नाव मिळालं ते बार्टोलोमिओ युस्टाकी सोळाव्या शतकातले इटलीचे शरीरशास्त्रज्ञ. पुढे 1724 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायचा पोस्टमास्तर गियो, स्वतः बहिरेपणाने त्रासलेला, डॉक्टरही नाही, त्याने एक वाकडी नळी तोंडातून टाळूच्या मागे नेऊन आपली कानाची नळी धुवायचा प्रयत्न केला आणि ते पॅरिसच्या अकादमीला सांगितलं. कुणी असलं काही घरी करू नका, पण त्या माणसाला रोग कुठे आहे ते बरोबर समजलं होतं, आणि आपण अजून लसूण तळतोय.

आता मेडिकलमधून आणतात त्या नाकाच्या थेंबांबद्दल. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन असं बाटलीवर लिहिलेलं असतं, टाकल्यावर पाच मिनिटांत नाक मोकळं, त्यामुळे लोकांना ते जादूसारखं वाटतं. तीन दिवस, फार तर पाच दिवस ठीक आहे. त्यापुढे नाकाला त्याची सवय लागते, थेंब उतरले की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत थेंब, असं वर्ष वर्ष चाललेली माणसं मी बघितलीत, खिशात बाटली घेऊन फिरतात, आणि नाक कायम बंद म्हटल्यावर कानाची नळी तरी कशी उघडणार. मेडिकलवाल्यांनी बाटली देताना "पाच दिवसांच्या वर नको" एवढं एक वाक्य बोललं तरी खूप होईल.

मग करायचं काय? सर्दीने बसलेला दडा बहुतेक वेळा सर्दी गेली की एक-दोन आठवड्यांत आपोआप सुटतो, हे ऐकायला कुणाला आवडत नाही पण खरं आहे. तोवर पाणी पित राहा, च्युइंगम चघळा, मुद्दाम जांभया द्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पण ते पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, नळाचं थेट अजिबात नाही. ॲलर्जीचं नाक असेल, सकाळी उठल्यावर शिंकांवर शिंका, नाकाला खाज, डोळ्यांतून पाणी, तर डॉक्टर स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे देतात, हा ॲलर्जीवर चांगला आहे पण दोन दिवसांत परिणाम दिसत नाही, काही आठवडे नेमाने मारावा लागतो. आणि मारायची पद्धत जवळजवळ सगळ्यांची चुकते. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या अंगाला, आणि जोरात ओढायचं नाही, घशात उतरला तर फुकट गेला. ॲलर्जी नसताना नुसत्या दड्यासाठी किंवा कानातल्या पाण्यासाठी या स्प्रेचा उपयोग होतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही, त्यामुळे सगळ्यांनीच उठून आणायची पण गरज नाही. अँटिबायोटिकचंही तेच, कान ठणकतोय, ताप आहे, पू आहे तर डॉक्टर देतील, नुसत्या दड्याला ते नको. ज्यांना ॲसिडिटी वर घशापर्यंत येते त्यांना, आणि सिगारेट-विडी ओढणाऱ्यांना हा त्रास परत परत होतो, तिथे मूळ कारण धरल्याशिवाय कान सुधारत नाही.

नाक दाबून फुंकायचं, त्याला वल्साल्वा म्हणतात, ते बरेच जण करतात आणि जोर लावून करतात. वल्साल्वा हे पण इटलीचेच, 1704 च्या त्यांच्या ग्रंथात हे आलंय, पण ते होतं फुटलेल्या कानातला पू बाहेर काढायला. तर हळू करायचं, गालही फार फुगता कामा नयेत, एकदा-दोनदा करून नाही उघडला तर सोडून द्यायचं, आणि नाकातून पिवळी-हिरवी सर्दी वाहत असेल तर करायचंच नाही, तीच घाण कानाकडे ढकलली जाते. अति जोर लावला तर आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटून ऐकू येणं जाऊ शकतं. त्यापेक्षा सोपं आणि सुरक्षित म्हणजे नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळायचा.

घाटाचं वेगळं सांगायला हवं, आपल्याकडे घाट सगळ्यांच्याच वाट्याला येतात. चढताना फारसं काही होत नाही, आतली जास्तीची हवा नळीतून आपोआप बाहेर निघते. त्रास उतरताना, कारण तेव्हा बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत घ्यायला नळी मुद्दाम उघडावी लागते. महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर आहे, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलं की हवेच्या दाबात शंभर मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त फरक पडतो, आणि मधे एकदाही नळी उघडली नाही तर साधारण 90 च्या फरकाला ती अशी चिकटते की नुसत्या गिळण्याने उघडत नाही. झोपेत आपण गिळतो फार कमी, म्हणून गाडीत झोपलेलं पोर घाटाखाली आलं की कान धरून रडत उठतं. तर घाट लागायच्या आधी पोरांना जागं करा, हातात गोळी-चिक्की काहीतरी द्या, फार लहान असेल तर उतरताना अंगावर पाजा. विमानात पण हाच हिशोब, विमान खाली यायला लागलं की झोपायचं नाही. सर्दी जोरात असेल तर शक्यतो प्रवास पुढे ढकला, आणि नाहीच जमलं तर नाकाचे थेंब उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी टाका, मोठ्यांसाठी त्या थेंबांचा हा खरा उपयोग आहे.

आता ज्याच्यासाठी मुख्य म्हणजे हे पत्र लिहायला बसले ते. प्रत्येक बंद कान म्हणजे सर्दीचा दडा नसतो. माणूस सकाळी उठतो, एक कान गच्च, फोन लावला तर काही कळत नाही, कानात सूं आवाज, वाटतं सर्दीने बसला असेल, तेल टाकतो, चार दिवस बघतो, मग मेडिकलचे थेंब, मग नातेवाईक म्हणतात वाफ घे, आणि महिन्याने आमच्याकडे येतो तेव्हा ऑडिओमेट्रीत त्या कानाची नस गेलेली असते. याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात, बहात्तर तासांच्या आत ऐकू येणं एकदम पडतं, आणि लक्षण सुरुवातीला अगदी दड्यासारखंच, कान भरल्यासारखा वाटतो, दुखत नाही. याला स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन देतात आणि त्याचा फायदा व्हायचा तर पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं. तेल टाकून गेलेले ते दिवस परत मिळत नाहीत हो. समोर तरणाताठा माणूस बसलेला असतो, रिपोर्ट हातात असतो आणि त्याला काय सांगायचं कळत नाही.

घरी अंदाज घ्यायला एक साधी गोष्ट आहे. तोंड मिटून "हं" करून गुणगुणायचं आणि आवाज कुठल्या कानात मोठा वाटतो ते बघायचं. बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ, पाणी किंवा नळीचाच प्रकार. चांगल्या कानाकडे गेला तर नसेची शंका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, उद्या नाही. दवाखान्यात ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजणारा धातूचा चिमटा, कपाळावर ठेवून हेच बघतात, त्याला एक मिनिट लागतं. गुणगुणणं हा फक्त अंदाज, खात्री फोर्क आणि ऑडिओमेट्रीनेच होते, त्यामुळे एका कानाचं ऐकणं एकदम गेलं असेल तर गुणगुणून काहीही वाटू दे, जाऊन दाखवाच.

दुसरं, मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी आहे आणि ते जात नाहीये, तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने बघून घ्यायला हवी. क्वचित तिथे गाठ असते आणि ती नळीचं तोंड दाबत असते, कॅन्सरचीही असू शकते. आपल्याकडे हे कमीच, पण पहिली खूण तेवढीच असू शकते, म्हणून डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितली तर उगाच पैसे काढतायत असं समजू नका. आणि एक उलटा प्रकारही आहे, नळी मिटतच नाही, स्वतःचा श्वास कानात ऐकू येतो, आडवं झालं की बरं वाटतं. झपाट्याने वजन उतरवलेल्यांना किंवा गरोदरपणात होतो. इथे नाक मोकळं करणारे थेंब टाकले तर त्रास वाढतो.

मुलांबद्दल लिहायला लागले तर तुमची जागा पुरणार नाही, पण लिहायलाच हवं. लहान मुलांची नळी आखूड, मऊ आणि जवळजवळ आडवी असते, मोठ्यांसारखी उतरती व्हायला सहा-सात वर्षं जातात, त्यात नाकामागे ॲडिनॉइडची गाठ वाढलेली असते, त्यामुळे सर्दीनंतर कानात चिकट पाणी राहणं हे बहुतेक मुलांना कधी ना कधी होतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून घरात कळतच नाही. ऐकू येणं साधारण वीस-तीस डेसिबलने कमी होतं, म्हणजे पूर्ण बहिरं नाही पण कुजबुज ऐकू येत नाही, मागच्या बाकावर बाईंचे अर्धे शब्द पोचत नाहीत. मग मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली की दोनदा "काय" म्हणतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, शब्दांची शेवटची अक्षरं खातं, आणि शाळेतून तक्रार येते की लक्ष देत नाही, ऐकत नाही. यातल्या कितीतरी पोरांना त्यासाठी मार पडलेला असतो. पडदा हलतो का ते बघायला मी कानात मशीनचं टोक, प्रोब, बसवते आणि ग्राफला उंचवटाच येत नाही, सपाट रेघ, म्हणजे पडदा हलतच नाही, दोन्ही कानांत पाणी. आईचा चेहरा बघवत नाही तेव्हा.

यावर औषध काय, तर पहिले तीन महिने थांबायचं, बहुतेक मुलांचं पाणी आपोआप जातं, सर्दीच्या गोळ्यांनी किंवा अँटिबायोटिकने ते लवकर जात नाही. थांबायचं म्हणजे विसरायचं नाही, तीन महिन्यांनी परत तपासायचं, आणि तोवर शाळेत सांगून मूल पहिल्या बाकावर बसवायचं, त्याच्या समोर येऊन बोलायचं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद, चुलीच्या धुरापासून लांब, बाळाला बाटली आडवं झोपवून पाजायची नाही. तीन महिन्यांनीही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकणं कमीच असेल तर ग्रोमेट सुचवतात, पडद्यात बसवायची एक दोन मिलिमीटरची बारीक नळी, युस्टेशियन नळीचं अडलेलं काम तोवर ती करते, आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप पडून जाते. आई-बाप घाबरतात की पडद्याला भोक पाडणार, पण ग्रोमेट पडल्यावर भोक बहुतेक वेळा भरून येतं, थोड्या मुलांत राहतं, तेही डॉक्टर आधी सांगतात. ॲडिनॉइड मोठे असतील तर तेही काढतात. घाबरून वर्षानुवर्षं लांबवलं तर पडदा आत आत ओढला जाऊन खिसा तयार होतो, आणि त्यात कोलेस्टिएटोमा, म्हणजे साठत जाणाऱ्या कातडीची गाठ, झाला तर तो हाड खात जातो, मग मोठं ऑपरेशन.

टाळू दुभंगलेल्या मुलांचं तर खास सांगते. नळी उघडणारा स्नायू टाळूतच असतो, त्यामुळे या जवळजवळ सगळ्याच मुलांच्या कानात पाणी होतं, आणि टाळूचं ऑपरेशन छान झालं, चेहरा सुधारला की घरचे खूश होऊन कान विसरतात. ऑपरेशननंतरही काही वर्षं कानाची तपासणी चालूच ठेवावी लागते.

हल्ली एक बलूनची ट्रीटमेंट आलीय, नाकातून दुर्बिणीने छोटा फुगा नळीत नेऊन दोन मिनिटं फुगवतात आणि काढून घेतात. अमेरिकेत 2016 मध्ये याला मान्यता मिळाली. ज्या मोठ्या माणसांना महिनोन् महिने नळीचाच त्रास आहे, तपासण्यांत तसं दिसतंय, आणि बाकी सगळं करून झालंय त्यांच्यासाठी ही आहे. खर्चिक आहे, आणि मोबाइलवर याच्या जाहिराती बघून लोक विचारत येतात तेव्हा कित्येकदा त्यांचा त्रास नळीचा नसतोच, जबड्याच्या सांध्याचा असतो, तोही अगदी असाच कान भरल्यासारखा वाटतो. आधी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडद्यामागे हवा आहे की पाणी ते बघायची मशीनची तपासणी, करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

तर संपादक साहेब, माझी मागणी दोनच गोष्टींची. ते तेलाचं वाक्य चुकीचं होतं एवढं त्याच पुरवणीत, त्याच जागी छापा, कारण तुमच्या पानाचं कात्रण लोक फ्रिजवर लावून ठेवतात. आणि शाळा सुरू होतात त्या दिवसांत मुलांच्या कानांवर एक पान द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, कानाचे आजार आणि ऐकण्याची तपासणी त्यांच्या यादीत आहे, पुढचे उपचारही मोफत आहेत, पण एका दिवसात एवढी मुलं बघताना त्यांना पडद्यामागचं पाणी दिसेलच असं नाही. म्हणून त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि ते दोनदा "काय" म्हणतं, तोंड उघडं ठेवून झोपतं हे कागदावर लिहून बाईंकडे द्या, तो कागद डॉक्टरांपर्यंत पोचला की कान बघितला जातोच.

आपली,
एक ऑडिओमेट्रिस्ट, सातारा जिल्हा